झरा आवरणारी गोळी

चिनी वैद्यक शिकणाऱ्या पोरांना एक जुनी प्रश्नावली पाठ करावी लागते. तिला 'दहा प्रश्नांचं गाणं' म्हणतात. रोगी समोर येऊन बसला की त्याला काय काय विचारायचं, ते यमक जुळवून सांगितलंय. पहिला प्रश्न थंडी-तापाचा, दुसरा घामाचा, तिसरा डोक्याचा आणि अंगदुखीचा. चौथा शौचाचा आणि लघवीचा. जेवणाखाण्याची चौकशी त्याच्याही नंतर, पाचव्या नंबरावर.

मला हा क्रम फार आवडला. आपल्याकडे लघवी हा शब्दसुद्धा आपण सरळ उच्चारत नाही. शाळेत करंगळी दाखवतो, मोठेपणी 'जरा जाऊन येते' म्हणतो, आणि दवाखान्यात डॉक्टर खोदून विचारत नाहीत तोवर विषय काढत नाही. रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं, हे तर घरातल्यांनाही सांगत नाही. वय झालं, चालायचंच, असं म्हणून म्हातारी माणसं दिवा न लावता, भिंत चाचपत न्हाणीघरापर्यंत जातात. त्यातलंच कुणीतरी एके रात्री पडतं, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग सगळ्यांना कळतं की ते रोज रात्री उठत होते.

चिनी भाषेतही आडपडदा आहे, पण त्यांच्याकडे निदान एक रोजचा शब्द आहे: छी-ये. अर्थ फक्त 'रात्रीचं उठणं'. कशासाठी ते सांगायची गरज नाही, ऐकणाऱ्याला कळतं. हा शब्द मी चेंगदूमध्ये शिकले, माझ्या घरमालकीणबाईंकडून.

मी तेव्हा तिथे कामाला होते आणि एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांच्या घरातली एक खोली भाड्याने घेतली होती. बाई अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या. चिनी रिवाजाप्रमाणे मी त्यांना 'आयी' म्हणायचे. आयी म्हणजे मावशी, पण मराठी कानाला ते 'आई'च ऐकू येतं, आणि पहिले काही महिने दर हाकेला मला आत कुठेतरी हलायचं. भिंती पातळ होत्या. रात्री त्यांच्या खोलीचं दार वाजायचं, सपाता घासत जायच्या, पाण्याचा आवाज, परत दार. बारा वाजता, दीडला, तीनला, साडेचारला. कधी पाचव्यांदाही.

आयींना याचा त्रास व्हायचा, पण तक्रार नव्हती. तक्रारीचं कारण वेगळंच निघालं. त्यांची मुलगी चोंगछिंगला असते, आगगाडीने दीडेक तासावर. जानेवारीत तिचं बाळंतपण होतं. चीनमध्ये बाळंतिणीला महिनाभर घरात जपतात, गार पाण्याला हात लावू देत नाहीत, आणि हा महिना सांभाळायला बहुतेकदा तिची आई किंवा सासू येते. आपल्या सव्वा महिन्याचीच ही बहीण. आयींना जायचं होतं, पण त्या टाळत होत्या. मुलीचं घर लहान, न्हाणीघर बाळाच्या खोलीला लागून, आणि सासरची माणसंही तिथेच. "मी रात्रभर दारं वाजवणार, बाळ उठणार. काय म्हणतील ते?" असं त्या मला ऑक्टोबरात एकदा म्हणाल्या.

मला माझी आजी आठवली. तीही गेल्या कित्येक वर्षांत कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेलेली नाही. एसटीत बसायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. आम्ही सगळे त्याला तिचा हट्ट म्हणायचो.

आयींबरोबर मी चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात गेले ती थोडी सोबत म्हणून आणि बरीचशी कुतूहलापोटी. डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही मनगटांवरची नाडी पाहिली. प्रत्येक मनगटावर तीन जागा, तीन बोटं. कोपराकडची शेवटची जागा शन या अवयवाची. शन म्हणजे मूत्रपिंड. तिथली नाडी दोन्ही हातांना खोल आणि अशक्त लागली. मग जीभ पाहिली: फिकट, सुजल्यासारखी, कडेला दातांचे वण. मग प्रश्न सुरू झाले. लघवीचा रंग कसा? पाण्यासारखा. दर वेळी भरपूर होते की थेंब थेंब? भरपूर. जळजळ? नाही. पाय गार पडतात? मोजे घालूनही. कंबर दुखते? दुखते. कानात आवाज येतो? येतो, पण त्याचा इथे काय संबंध?

संबंध होता. चिनी वैद्यकातला शन म्हणजे शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं मूत्रपिंड नव्हे. 'हुआंगती नेइचिंग' हा त्यांचा आद्य ग्रंथ दोनेक हजार वर्षांपूर्वी आकाराला आला. त्यात शन हे जन्मजात शक्तीचं कोठार आहे. पाण्याचा कारभार त्याच्याकडे, हाडं त्याच्याकडे, ऐकणंही त्याच्याकडे. ऋतू हिवाळा, चव खारट, भावना भीती. याच ग्रंथात बाईचं आयुष्य सातासातांच्या आणि पुरुषाचं आठाआठांच्या टप्प्यांत मोजलंय. मुलीचे दुधाचे दात सातव्या वर्षी पडतात, चौदाव्या वर्षी पाळी येते, एकोणपन्नासाव्या वर्षी जाते. मुलाचे दात आठव्या वर्षी बदलतात आणि चाळिशीत केस गळायला लागतात. हा सगळा चढउतार शनमधल्या शक्तीचा. त्यामुळे कंबर, कान, गुडघे आणि रात्रीचं उठणं या चार वेगळ्या तक्रारी राहत नाहीत. एकाच कोठाराला लागलेल्या ओहोटीच्या त्या चार खुणा होतात.

मग रात्रीच का? मला हे समजायला आमच्या गावाकडच्या तांब्याच्या बंबाचा उपयोग झाला. शरीरातल्या पाण्याखाली एक विस्तव आहे असं समजा. चिनी वैद्य त्याला शनचा यांग म्हणतात. विस्तव धगधगता असेल तर पाणी तापतं, त्याची वाफ वर चढते आणि अंगभर फिरते. विस्तव मंदावला की पाणी गारच राहतं आणि तसंच्या तसं खाली उतरतं. म्हणून लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि भरपूर. दिवसा बाहेरचं ऊन असतं, हालचाल असते, ती या विस्तवाला हात देते. रात्र हा यिनचा, म्हणजे गारव्याचा आणि मिटण्याचा काळ. त्या वेळी शरीराने स्वतःच्या विस्तवावर निभवायचं असतं, आणि तोच कमी पडतो. हिवाळ्यात त्रास वाढतो तोही याच कारणाने. चेंगदूमध्ये उत्तर चीनसारखी घरं तापवायची सरकारी व्यवस्था नाही. थंडी दमट असते आणि हाडात शिरते. आयींना हे समजावून सांगावं लागलं नाही.

शनला दरवाज्याचीही उपमा देतात. पाणी सोडायचं तेव्हा सोडायचं, धरायचं तेव्हा धरायचं. म्हातारपणात बिघडतं ते मुख्यतः हे धरणं. आयींच्या कागदावर लिहिलेल्या चार अक्षरांचा अर्थ डॉक्टरीणबाईंनी मला सांगितला तो असा: विस्तव कमी, कडी ढिली.

एक गोष्ट मात्र त्यांनी ठासून सांगितली. रात्री उठणाऱ्या सगळ्यांची कडी ढिली नसते. लघवी पिवळी, थोडी थोडी आणि जळजळीची असेल तर तिथे विस्तव कमी नसून खाली ओल आणि उष्णता साठलेली असते. अशा माणसाला गरम औषध देणं म्हणजे आगीत तेल. कुणाची पचनशक्ती आणि श्वासाची ताकद इतकी खचलेली असते की वर धरून ठेवणारंच कुणी नाही. कुणाला झोपच लागत नाही, छातीत धडधडतं, स्वप्नं पडतात, आणि जाग आली म्हणून लघवी आठवते. तिथे हृदय आणि मूत्रपिंड यांचं बोलणं तुटलंय असं ते म्हणतात. तक्रार एकच, औषधं चार. शेजारणीला लागू पडलेली पुडी स्वतः घेऊ नका, हे त्यांनी आयींना दोनदा बजावलं. इमारतीतल्या शेजारणी त्यांना ठाऊक असाव्यात.

औषधांची नावं ऐकून मी हरखले. एकाचं नाव स्वो-छ्वान वान, म्हणजे झरा आवरणारी गोळी. सुंग राजवटीच्या काळापासून चालत आलेली, फक्त तीन वनस्पतींची. वेलदोड्याच्या कुळातलं एक फळ, दालचिनीच्या कुळातलं एक मूळ, आणि आपल्या कोनफळाची चिनी बहीण असलेला एक कंद, दारूत शिजवून त्याची लापशी करायची आणि बाकीचं चूर्ण त्यात मळायचं. दुसरं औषध शन-छी वान. ते चांग चुंगचिंग या वैद्याच्या नावावर आहे, काळ इ.स. 200च्या आसपासचा. यात आठ द्रव्यं आहेत. मूळ पाठातली मापं एकूण सत्तावीस, त्यांत पोषण देणारी आणि पाण्याची वाट मोकळी करणारी पंचवीस, आणि विस्तव पेटवणारी फक्त दोन: एक माप दालचिनीच्या डहाळ्या, एक माप फू-त्स. बंबात लाकडं कोंबली तर धूरच होतो, निखारे थोडे आणि टिकणारे हवेत, असा हा हिशेब. गंमत म्हणजे जुन्या ग्रंथात हीच गोळी लघवी अडते तेव्हाही सांगितली आहे आणि फार होते तेव्हाही. दरवाजा दुरुस्त करायचा म्हटलं की तो उघडत नसो वा मिटत नसो, सुतार एकच. पुढे बाराव्या शतकाच्या सुरुवातीला छ्यान यी या बालवैद्याने लहान मुलांसाठी त्यातली ती दोन गरम द्रव्यं काढून टाकली आणि सहा द्रव्यांची गोळी केली. ती आजही चीनमधल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. जपानमध्ये आठ द्रव्यांची गोळी म्हाताऱ्यांच्या रात्रीच्या उठण्यावर आजही देतात.

आणखी एका चूर्णात तुतीच्या झाडावरची खंडोबाच्या किड्याची, म्हणजे प्रार्थनाकीटकाची, अंड्यांची कोषं असतात. आयींना ते मिळालं नाही याचा मला गुपचूप आनंद झाला. त्यांना खायला सांगितलेल्या वस्तूंत अक्रोड होते, काळे तीळ होते, आणि छ्यान-शी नावाचं एक बी होतं. ते बी पाहिलं आणि मी हसले. तो आपला मखाणा होता, फक्त न फुलवलेला. चिनी वैद्य तो 'धरून ठेवणारा' म्हणून देतात, आपण उपासाला तुपात परततो. काळ्या तिळांचंही तसंच. अंथरुण ओलं करणाऱ्या पोरांना तीळ आणि गूळ चारणाऱ्या आज्या आपल्याकडे होत्याच की.

गोळ्यांबरोबर शेक होता. दवण्याच्या कुळातल्या आय नावाच्या वनस्पतीची वाळवलेली पानं कुटून त्यांची जाड विडी करतात, ती पेटवून बेंबीखालच्या क्वान-युआन या बिंदूजवळ धरतात. बिंदू कसा शोधायचा? बेंबीखाली चार बोटं. बोटं मात्र रोग्याची स्वतःची, वैद्याची नव्हेत. आपल्या आयुर्वेदातही अंगुळं मोजायची ती ज्याची त्याचीच. घोट्याच्या आतल्या बाजूला वर चार बोटांवर सान-यिन-च्याओ, तिथेही शेक. आणि रोज झोपण्यापूर्वी गरम पाण्यात पाय. आयी आलं ठेचून टाकायच्या. त्या हिवाळ्यात आम्ही दोघी दोन बादल्यांत पाय सोडून टीव्हीवरच्या मालिका पाहत बसायचो.

इथवर सगळं काव्यमय आहे. पण त्याच डॉक्टरीणबाईंनी औषधाआधी आयींना रक्त आणि लघवी तपासायला खालच्या मजल्यावर पाठवलं होतं. साखर, मूत्रपिंडाचं काम, सोनोग्राफी. चीनमधल्या या रुग्णालयांत नाडी आणि प्रयोगशाळा एकाच छपराखाली असतात, आणि ते फार बरं आहे. कारण रात्रीच्या उठण्यामागे मधुमेह असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, थकत चाललेलं हृदय, किंवा घोरता घोरता श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. यांतलं काहीही अक्रोड खाऊन जात नाही.

आधुनिक वैद्यकाकडेही 'रात्रीच का' याचं उत्तर आहे. तरुणपणी रात्री मेंदूतून एक संप्रेरक जास्त पाझरतं, ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. वय वाढतं तसा हा रात्रीचा निरोप क्षीण होतो. दिवसभर उभं राहून किंवा बसून पायांत पाणी उतरतं, आडवं झालं की ते रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते मध्यरात्री बाहेर काढतात. वयस्क माणसाची चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल तर दोष मूत्राशयाच्या आकाराचा नसून रात्री जास्त तयार होण्याचा आहे असं धरतात. हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. तीन दिवस एक मापाचं भांडं आणि एक वही. किती वाजता, किती. आयींच्या वहीतून दोन गोष्टी निघाल्या. त्यांची रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी होती आणि ती त्या रात्री घेत होत्या. आणि बागेत मैत्रिणींबरोबर झाकणाच्या पेल्यातून चहा पिणं रात्री आठपर्यंत चालायचं, पेल्यात गरम पाणी पुन्हा पुन्हा ओतत. चेंगदूमध्ये चहा सोड म्हणणं म्हणजे पंढरपुरात टाळ खाली ठेव म्हणणं. पाचनंतर नको, यावर तडजोड झाली. गोळी डॉक्टरांनी सकाळी हलवली. दुपारी पाय उशीवर ठेवून अर्धा तास पडायला सांगितलं.

डिसेंबरअखेर आयी पाचावरून दोनवर आल्या. झऱ्याची गोळी, शेक, गरम पाय, सकाळची गोळी, बंद झालेला संध्याकाळचा चहा, यांतलं श्रेय कुणाला किती द्यायचं? आयींचं उत्तर ठरलेलं होतं: शनला. माझं मत वहीच्या बाजूने होतं. आमचं यावरून भांडण झालं नाही, कारण वही भरायची तयारी त्यांच्यात आली ती कुणीतरी त्यांचे गार पाय आणि कानातला आवाज ऐकून घेतल्यावर.

तरी या काव्यावर आंधळेपणाने विसंबू नये, आणि त्याची कारणं चिनी औषधांच्याच इतिहासात आहेत. फू-त्स म्हणजे बचनागाचाच भाऊबंद. सिचुआनमधलं च्यांगयोउ हे गाव त्याच्यासाठी प्रसिद्ध. नीट शुद्ध करून, बराच वेळ उकळून दिलं तर औषध. कच्चं राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेतं. दुसरी गोष्ट मुथोंगची. लघवीची 'उष्णता' उतरवणाऱ्या काही जुन्या औषधांत मुथोंग नावाची वेल असते. काळाच्या ओघात तिच्या जागी त्याच नावाखाली दुसरीच वेल वापरात आली, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली. त्या कुळातलं आम्ल मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि मूत्रमार्गात कर्करोग निर्माण करतं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या चिनी वनस्पतींत याच कुळातली एक वनस्पती चुकून आली आणि शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडं गेली. चीनने ही बदली मुथोंग 2003मध्ये औषधांतून काढली. लघवीसाठी घेतलेलं औषध मूत्रपिंडच खातं, याहून क्रूर थट्टा नाही. आपण याकडे लांबून पाहायचं कारण नाही. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसण, याच कुळातली आहे आणि ती झाडपाल्याच्या औषधांत वापरली गेली आहे.

आणि कधी कधी जुना नकाशा नव्या रस्त्याला उपयोगी पडतो. 1983मध्ये एडवर्ड मॅग्वायर या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने अ‍ॅक्युपंक्चरमधल्या मूत्राशयाच्या बिंदूंवरून सूचना घेऊन घोट्याजवळच्या मज्जातंतूला विजेचे सौम्य झटके देऊन पाहिले. त्यातून पुढे एक उपचार उभा राहिला. घोट्याच्या आतल्या बाजूला थोडं वर एक बारीक सुई, आठवड्यातून एकदा, अर्धा तास, बारा आठवडे. अतिचंचल मूत्राशयासाठी तो आज आधुनिक रुग्णालयांत देतात. सुईची जागा सान-यिन-च्याओच्या अगदी शेजारी. कारण मात्र यिन-यांगचं सांगत नाहीत. त्या मज्जातंतूची मुळं आणि मूत्राशयाच्या मज्जातंतूंची मुळं पाठीच्या कण्यात खाली एकाच ठिकाणी भेटतात, हे कारण.

म्हणून मला 'हे खरं की ते खरं' हा प्रश्न फारसा कामाचा वाटत नाही. नाव, तपासणी, मोजमाप, विषारी काय आणि निर्धोक काय, यासाठी मी प्रयोगशाळेकडेच जाईन. पण लाजेमुळे कुणी तिथवर पोचतच नसेल तर प्रयोगशाळा काय करणार? कडी ढिली झालीय, विस्तव कमी पडतोय, असं म्हणता आलं की माणूस स्वतःला घाणेरडं किंवा निरुपयोगी समजत नाही. आयींना 'माझा शन थकलाय' हे मुलीच्या सासूला फोनवर सांगता आलं, आणि सासूबाई म्हणाल्या, माझाही. जानेवारीत आयी महिनाभरासाठी चोंगछिंगला गेल्या. त्यांना न्हाणीघराजवळची खोली दिली होती, आणि रात्री बाळ त्यांच्यापेक्षा जास्त वेळा उठत होतं.

त्याच महिन्यात मी आजीला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर सरळ विचारलं, "आजी, रात्री किती वेळा उठतेस गं?" पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" कुणी नाही, म्हटलं, इथले डॉक्टर सगळ्यांना विचारतात, जेवणाच्याही आधी. तशी ती हसली आणि एकदम सुरूच झाली. पाय सुजतात संध्याकाळी. चार वेळा उठते, थंडीत पाच. भाऊच्या पोराच्या मुंजीला जायचं होतं गं मला.

मी आईला मापाचं भांडं आणायला सांगितलं. वही आजीला नको होती. तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तीन दिवसांचे आकडे मांडले. आईने फोटो पाठवला. वेळा अगदी नेटक्या होत्या, आणि दर आकड्यापुढे आजीने मिलिलिटर न लिहिता 'पाव', 'पाऊण', 'भरून' असं लिहिलं होतं. आईने भांड्यावरून त्याचे आकडे केले, आजीच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरल्या, आणि सोमवारी पान आणि पिशवी घेऊन दोघी डॉक्टरांकडे गेल्या.